पट शंभराच्या आत, म्हणून चित्रकला नाही?

प्रति,
शालेय शिक्षण विभाग आणि कोकणातल्या जिल्हा परिषदांचे शिक्षण विभाग येथील अधिकारी, तसेच सर्व केंद्रप्रमुख यांस

सादर नमस्कार.

मी कलाशिक्षक पदविकेच्या, म्हणजे सगळे ज्याला एटीडी म्हणतात त्या अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला शिकते. सराव पाठ आणि त्यापुढचा शालेय अनुभव यांच्या निमित्ताने मालवणच्या किनारपट्टीवरच्या काही शाळांत मी चित्रकला शिकवली. त्यात एक हायस्कूल होतं, बाकीच्या प्राथमिक शाळा. शाळांची नावं लिहीत नाही. नावं लिहिली की चर्चा त्या शाळेची होते आणि तिथल्या शिक्षकांना उगाच खुलासे देत बसावे लागतात.

मागणी आधीच सांगते. कोकणातल्या कमी पटाच्या शाळांसाठी दर केंद्राला, म्हणजे एका केंद्रप्रमुखाखाली येणाऱ्या आसपासच्या शाळांच्या गटाला, एक पूर्णवेळ कलाशिक्षक नेमावा. एकेका शाळेच्या पटावर हे पद बसत नाही याची मला कल्पना आहे. म्हणूनच केंद्रातल्या सगळ्या शाळांचा पट एकत्र धरा, असं माझं म्हणणं आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. अट अशी की त्या वर्गांत शंभरपेक्षा जास्त मुलं हवीत. पहिली ते पाचवीसाठी तर कलेच्या निदेशकाचा उल्लेखच नाही. ही अट घाटावरच्या मोठ्या गावात कुठे ना कुठे पुरी होत असेल. आमच्याकडे गाव म्हणजे वाड्या. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायचं तर मध्ये व्हाळ म्हणजे ओढा, नाहीतर सडा म्हणजे कातळाचं पठार. शाळा वाडीपुरती. त्यात निम्मी घरं मुंबईला, चतुर्थीला आणि शिमग्याला उघडणारी. पट वीस-पंचवीस असला तरी बरा म्हणायचा, काही ठिकाणी दहाच्या आत. शंभराचा आकडा आमच्या प्राथमिक शाळांना कधी गाठता येणार आहे? तो गाठला नाही म्हणून त्या मुलांना चित्रकलेचा शिक्षक नाही, हे मला मान्य नाही.

शिक्षक नसला तर काय बिघडतं, मुलं काढतातच की चित्रं, असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. काढतात, खरं आहे. काय काढतात ते सांगते. नव्या वर्गात गेल्यावर मी पहिल्यांदा कागद वाटते आणि 'मनात येईल ते काढा' एवढंच सांगते. आजवर ज्या वर्गात हे केलं तिथे बहुतेकांनी तेच चित्र काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून कागदाच्या खालच्या टोकापर्यंत येणारी नदी, एक झोपडी, एक माड, आकाशात तिरक्या रेघांचे पक्षी. ही मुलं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांच्या शाळेच्या खिडकीतून दिसतो तो सडा, वरून सपाट, जांभ्याचा. त्रिकोणी डोंगर तिथून दिसत नाही. सूर्य त्यांच्या नजरेसमोर रोज संध्याकाळी पाण्यात जातो. नदीच्या जागी खाडी आहे, भरतीला उलटी वाहणारी. यातलं काहीही कागदावर येत नाही. ते चित्र त्यांनी कुणाचं तरी बघून घेतलेलं आहे, त्या कुणीतरी आणखी कुणाचं बघून. एकदा फळ्यावर आलं की ते वर्षानुवर्षं हलत नाही, कारण 'तुझ्या घरासमोर काय दिसतं ते काढ' म्हणणारं माणूस शाळेत नसतं.

चौथीच्या वर्गात एक मुलगी समुद्राला निळा रंग देत होती आणि मध्येच थांबली. ऑगस्टचे दिवस, बाहेर धो धो पाऊस. मला म्हणाली, "बाई, पावसात दर्यो निळो खय असता? मातयेसारखो असता." मी म्हटलं, मग तसा रंगव. तिने तपकिरी घेतला, त्यात थोडा पिवळा मिसळला, लाटेच्या कडेला मळकट पांढरा ठेवला. शेजारचा मुलगा म्हणाला की समुद्र असा नसतो. ती म्हणाली, खिडकीतून बघ. त्यानंतर वर्गातले निम्मे समुद्र बदलले. मी फक्त 'तसा रंगव' म्हणाले होते. पण ते म्हणायला वर्गात कुणीतरी असावं लागतं, आणि त्याने ते ठामपणे म्हणावं लागतं.

आता रापणीचं चित्र. याच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हे पत्र लिहायचं त्या दिवशीच ठरलं.

विषय दिला होता, 'आमच्या गावातलं काम'. तिसरीतल्या एका मुलाने रापण काढायला घेतली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडून येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभी असलेली माणसं दोन बाजूंनी ओढत आणतात. या मुलाने आधी कागदाच्या मधोमध अर्धगोल जाळं काढलं. मग कागद डावीकडे फिरवला आणि एका दोराची माणसं काढली. कागद पुन्हा फिरवला, दुसऱ्या दोराची माणसं काढली. होडी मात्र बाजूने दिसते तशी, नाळ म्हणजे पुढचं टोक उचललेली. जाळ्यात मासे, आणि एकेक मासा वेगळा. बांगड्याच्या पाठीवर बारीक रेघा होत्या. पेडवे एका घोळक्यात होते. एक सुरमई लांबलचक, जाळ्याच्या बाहेर निसटणारी. माणसं कोण कोण ते त्याला ठाऊक होतं. हा आजो, हा काको, हा शेजारचा, ही टोपली घेऊन उभी ती आई.

कागद सरळ धरला तर दोन्हीकडची माणसं आडवी पडलेली दिसत होती. माझ्या पाठाचं निरीक्षण करणाऱ्यांनी त्याला सांगितलं, माणसं उभी काढ, अशी झोपलेली का आहेत? मुलगा म्हणाला, "आडवे नाय ते. ते रापण वडतत."

त्याचं बरोबर होतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले ते आम्हाला पदविकेत शिकवतात. साधारण सात ते नऊ वर्षांची मुलं एकाच कागदावर काही वस्तू वरून आणि काही बाजूने दाखवतात, रस्त्याच्या दोन्ही कडेची घरं दोन दिशांना पाडून काढतात. त्यांना जे माहीत असतं ते सगळं कागदावर आणायचं असतं आणि त्यासाठी त्यांनी शोधलेली ही रीत असते. रापणीत दोन रांगा समोरासमोर असतात, दोर दोन बाजूंनी येतो, जाळं मध्ये असतं, हे सगळं एका चित्रात दाखवायचं तर त्या मुलाने केलं त्याहून नीट कसं करता येईल? माणसं उभी केली असती तर एक रांग जाळ्यावर चढली असती. त्या वयात 'चुकलं' म्हणून खोडायला लावलं की पोर दुसऱ्या दिवसापासून दोन त्रिकोणी डोंगर काढायला लागतं, त्यात चुकायचं भय नसतं. कुठलं चित्र वयानुसार आलेलं आहे, कुठे खरोखर शिकवायची गरज आहे, हे ओळखणं हे आमच्या प्रशिक्षणाचं काम. गणिताच्या शिक्षकाने ते ओळखावं अशी अपेक्षा करणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

त्या शिक्षकांबद्दलही लिहायला हवं. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता, वर ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीचं काम. वेळापत्रकात चित्रकलेची तासिका असते आणि त्या तासिकेला राहिलेला गणिताचा भाग होतो किंवा शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी होते. मी याला आळस म्हणणार नाही. एका बाईंनी मला सांगितलं, "मला स्वतःला कधी कुणी शिकवलं नाही, मी काय शिकवू?" त्यांच्या वर्गात मी पाठ घेत असताना त्या शेवटच्या बाकावर बसून मुलांबरोबर जास्वंद काढत होत्या आणि तास संपल्यावर माझ्याकडून छायाभेद समजावून घेत होत्या. अशा शिक्षकांना महिन्यातून काही दिवस एक कलाशिक्षक सोबतीला मिळाला तर तो नसेल त्या दिवशीही तास चालेल.

साहित्याचा प्रश्नही कोकणात वेगळा आहे. पाठ टाचणात आम्ही 'जलरंग, ड्रॉइंग पेपर' लिहितो. जुलै-ऑगस्टमध्ये इथे कागद हातात घेतला तरी दमट लागतो. रंगाचा पहिला थर वाळता वाळत नाही, त्यावर दुसरा लावला की सगळा चिखल. हे दिवस मातीकामाचे. प्रत्येक गावात गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, चालू असते, मुलं शाळा सुटली की तिथेच रेंगाळतात, ओली माती तिथे हाताशी असते. जांभ्याचा चुरा, चुना, कोळसा, डिंकात कालवलेली हळद, यांनी केलेली चित्रं मी वर्गात करून घेतली. कोरड्या दिवसांत ती छान उतरतात. चतुर्थीच्या आधी घराघरात गणपतीमागची भिंत रंगवली जाते, गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला कवंडळं, नारळ, रानातली फळं-फुलं बांधली जातात. संकल्पचित्रात रचना, पुनरावृत्ती आणि तोल शिकवायला याहून चांगलं काय हवं? पण हे सगळं ऋतूप्रमाणे आखायला हवं. जूनमध्ये काय, ऑक्टोबरमध्ये काय, भरती-ओहोटी पाहून किनाऱ्यावर मुलांना कधी न्यायचं. असं वर्षाचं नियोजन कायम त्या भागात काम करणाराच करू शकतो. चार दिवसांच्या कार्यशाळेला आलेल्या पाहुण्याला ते जमणार नाही.

मग ही मुलं आठवीला हायस्कुलात येतात आणि तिथे त्यांच्यापुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा येतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण, ब ला ५, क ला ३. तालुक्याच्या गावातल्या मुलाला लहानपणापासून क्लास असतो. वाडीतल्या मुलीने आठवीपर्यंत सपाट ब्रश आणि गोल ब्रश यातला फरक पाहिलेला नसतो. माझ्या हायस्कुलातल्या वर्गात एका मुलीची रेषा अशी होती की मी थक्क झाले. तांब्याचा काठ तिने एका दमात काढला, लंबगोल कुठेही न मोडता. रंग हातात घेतल्यावर मात्र तिचा हात आखडला, कारण पाणी किती घ्यायचं हेच ठाऊक नव्हतं. तिने परीक्षेचा अर्ज भरला नाही. "माका जमाचा नाय," म्हणाली. सात गुण गेले ते गेलेच, पण त्या रेषेचं काय होणार याचं मला जास्त वाईट वाटतं.

अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. जन्म १८९१ चा. पुण्यात १९२८ साली उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. लहानपणी गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं आणि त्यांच्या मदतीने मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. ही गोष्ट कोकणात अभिमानाने सांगतात, मीही सांगते. पण सांगताना दर वेळी मनात येतं की कलेक्टर त्या देवळावरून गेलेच नसते तर? मुलांची चित्रं जाणत्या नजरेने पाहणारं माणूस शाळेतच असायला हवं, आणि ते येण्याचा दिवस ठरलेला असायला हवा.

स्थानिक कलाकारांना मानधनावर बोलवा, वेगळा शिक्षक कशाला, असाही एक विचार कानावर येतो. बोलवायलाच हवं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, आहेत. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते मुलांसमोर मांडले तर एका तासात ती अवतारही शिकतील आणि आकारांचं सुलभीकरणही. मालवण तालुक्यातल्याच कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली जी कातळशिल्पं गेली, त्यात कुडोपीही आहे. आमच्या भागातल्या किती मुलांनी ती पाहिली आहेत, कुठल्याही शाळेत जाऊन विचारा. पण कारागीर एक दिवस येऊन जातो. त्याने दाखवलेलं वर्षभराच्या शिकवण्यात गुंफायचं, तिसरीला त्यातलं काय पेलेल आणि सातवीला काय, हे ठरवायचं, याला शिक्षक लागतो. दोघंही हवेत. एकाच्या नावावर दुसऱ्याला वगळू नका.

माझी मागणी नवी नाही, तुमच्याच धोरणातली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या शिक्षकांविषयीच्या प्रकरणात म्हटलं आहे की कला, शारीरिक शिक्षण, व्यवसाय शिक्षण आणि भाषा या विषयांसाठी शिक्षकांची नेमणूक शाळेवर किंवा शाळा संकुलावर करता येईल आणि अनेक शाळांनी मिळून एक शिक्षक घेण्याचा विचार करता येईल. स्थानिक कलांच्या जाणकारांना शाळांनी बोलवावं, हेही त्याच प्रकरणात आहे. केंद्र ही व्यवस्था आपल्याकडे आधीपासून आहे. केंद्रशाळा आहे, केंद्रप्रमुख आहेत. एका शाळेत वीस मुलं असतील आणि केंद्रात दहा शाळा असतील तर ती दोनशे मुलं झाली. कायद्यात सांगितलेल्या संख्येच्या दुप्पट. मग पद का नको?

फक्त एक विनंती आहे. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा 'मोठ्या शाळेत मुलांना कला आणि खेळाचे शिक्षक मिळतील' असं कारण दिलं गेलं. पावसात साकवावरून पहिली-दुसरीतली पोरं रोज किती लांब चालतील, याचा विचार आधी करा. वीस मुलांनी व्हाळ ओलांडण्यापेक्षा एका शिक्षकाने ओलांडावा. आम्ही तरुण आहोत, आमची तयारी आहे. प्रवासभत्ता द्या, चित्रकलेची जोड तासिका द्या, म्हणजे मुलांनी रंग कालवेपर्यंत घंटा होणार नाही, आणि प्रत्येक शाळेसाठी साहित्याला थोडी वेगळी तरतूद करा.

ही मागणी करताना माझाही यात संबंध आहे, हे मी लपवत नाही. पुढच्या वर्षी मी आणि माझ्या वर्गातले सगळे नोकरी शोधत असू. आमच्या आधी पदविका घेतलेले कुणी फ्लेक्सची डिझाइनं करतात, कुणी गणपतीच्या दिवसांत रंगकाम करून बाकीचे महिने काढतात. शिकवायला शिकलेली माणसं याच जिल्ह्यात आहेत आणि शिकायची मुलंही याच जिल्ह्यात आहेत.

येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी सगळीकडे पदं भरणं होणार नाही, हे मी समजू शकते. एक किनाऱ्यावरचं आणि एक सड्यावरचं, अशी दोन केंद्रं निवडा. तिथे वर्षभर कलाशिक्षक द्या. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाचं एक चित्र घ्या, शेवटी एक घ्या, आणि निर्णय घेण्याआधी ती दोन्ही चित्रं शेजारी ठेवून स्वतः बघा. त्यासाठी मुलांची चित्रं गोळा करून, तारीख-इयत्ता लिहून नीट लावण्याचं काम मी आणि माझे सहाध्यायी करू. केंद्रप्रमुखांनी फक्त शाळांना तसं कळवावं.

आपली विश्वासू,
एक छात्राध्यापिका
कलाशिक्षक पदविका, द्वितीय वर्ष
जिल्हा सिंधुदुर्ग